पोपटताप : पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर आलेल्या रोगाचा इतिहास

पाळीव पक्ष्यांकडून माणसाला होणाऱ्या रोगांपैकी सर्वांत तपशिलाने नोंदलेला इतिहास सिटॅकोसिसचा, म्हणजे पोपटतापाचा आहे. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे हा रोग होतो. पोपट, बजरीगार, कॉकटिएल, कॅनरी, कबुतर, बदक, टर्की अशा कितीतरी पक्ष्यांच्या शरीरात हा जिवाणू राहू शकतो. पक्ष्याची विष्ठा आणि नाकाडोळ्यांतला स्राव वाळला की त्याची बारीक धूळ होते, पिसांच्या कोंड्यात मिसळते आणि पिंजरा झाडताना किंवा पक्ष्याने पंख फडफडवताना हवेत उडते. ती श्वासावाटे आत गेली की साधारण पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके असह्य दुखते, कोरडा खोकला सुरू होतो आणि पुढे फुफ्फुसाला सूज येते. पक्ष्याने चावावे लागत नाही. त्याला हातही लावावा लागत नाही. ज्या खोलीत पिंजरा टांगला आहे तिथे थोडा वेळ बसणे पुरते.

रानातल्या थव्यात हा जिवाणू बहुधा गुपचूप असतो. पिल्लाला घरट्यातच आईबापांकडून त्याची लागण होते, ते किरकोळ आजारी पडते किंवा पडतही नाही, आणि पुढे आयुष्यभर धडधाकट उडत राहते. हाच पक्षी पकडून पेटीत कोंबला, त्याला उपाशी-तापाशी महिनाभर समुद्रावरून नेला, अनोळखी पक्ष्यांच्या गर्दीत ठेवला की त्याची ताकद खचते आणि दबलेला जिवाणू उसळून विष्ठेवाटे भरमसाट बाहेर पडू लागतो. म्हणून या रोगाचा इतिहास हा मुळात पक्ष्यांच्या व्यापाराचा इतिहास आहे. साथ जिथे जिथे उठली, तिथे तिच्या थोडे आधी जहाजातून, रेल्वेने किंवा विमानाने पक्ष्यांच्या पेट्या उतरल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात हा व्यापार फोफावला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला छोटा हिरवा-पिवळा बजरीगार पक्षीतज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत इंग्लंडला आणला आणि काही दशकांतच तो युरोपातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पोहोचला. दक्षिण अमेरिकेतले अ‍ॅमेझॉन पोपट, आफ्रिकेतले करडे पोपट आणि हिंदुस्थानातले लांब शेपटीचे हिरवे राघू हॅम्बुर्ग, लंडन, बोर्दो अशा बंदरांत उतरू लागले. आगबोटींनी प्रवासाचे दिवस कमी केले. शिडाच्या जहाजावर वाटेतच मरून गेला असता असा आजारी पक्षी आता जिवंत पोहोचून दुकानात मांडला जाऊ लागला.

रोगाची पहिली नीट नोंद १८७९ची आहे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळच्या उस्टर या गावात याकोब रिटर या डॉक्टरांच्या भावाच्या घरी एकामागून एक सात माणसे आजारी पडली आणि त्यांतली तिघे दगावली. ताप विषमज्वरासारखा होता, पण छाती न्यूमोनियासारखी भरलेली होती. रिटर यांनी दोन्ही मिळून त्याला न्यूमोटायफस असे नाव दिले. त्यांचे खरे कौतुक पुढच्या कामासाठी केले पाहिजे. कोण कोणाला भेटले, कोण कुठल्या खोलीत किती वेळ होते, याचा त्यांनी बारकाईने माग काढला. एका आजाऱ्याकडून दुसऱ्याला रोग गेल्याचे दिसेना. सगळ्या आजाऱ्यांत समान होती ती घरातली अभ्यासिका, आणि त्या अभ्यासिकेत परदेशातून नुकतेच आलेले पोपट व इतर पिंजऱ्यातले पक्षी ठेवलेले होते. जंतुशास्त्र तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होते. रॉबर्ट कॉख यांना क्षयाचा जंतू सापडायला अजून तीन वर्षे होती. अशा काळात निव्वळ विचारपूस आणि तर्क यांच्या बळावर रिटर पिंजऱ्यापर्यंत पोहोचले.

तेरा वर्षांनी पॅरिसमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले. १८९२ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी ब्यूनस आयर्सहून सुमारे ५०० पोपट आणले. त्यांतले सुमारे ३०० वाटेतच मेले, उरलेले शहरात विकले गेले. ज्या घरांत हे पक्षी गेले तिथे आजार सुरू झाला. त्या साथीत ४९ जण आजारी पडले आणि १६ मेले, अशी नोंद आहे. वाटेत मेलेल्या पोपटांचे पंख व्यापाऱ्यांनी कापून वाळवून ठेवले होते, कारण बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची तेव्हा चाल होती. पशुवैद्यक शास्त्रज्ञ एदमों नोकार यांनी त्या वाळलेल्या पंखांच्या हाडांतल्या मज्जेतून एक जिवाणू वाढवला. तो टोचल्यावर पोपट मेले. १८९३ मध्ये रोगाचे कारण सापडल्याचे जाहीर झाले. अंतोनॅं मोरांज यांनी १८९५ मध्ये याच रोगावर प्रबंध लिहिला आणि पोपटाच्या ग्रीक नावावरून त्याला जे नाव दिले, तेच आज चालते.

नोकार यांना सापडलेला जिवाणू मात्र वेगळाच होता. तो साल्मोनेला गटातला, अन्नातून विषबाधा घडवणाऱ्यांपैकी होता. साल्मोनेला पोपटांत आढळतो आणि त्यांना मारतोही, त्यामुळे प्रयोगात काही खोटे नव्हते. पण माणसांच्या छातीत उतरणारा तो रोग त्याचा नव्हता. पुढची जवळजवळ चार दशके डॉक्टर रुग्णांच्या रक्तात हा जिवाणू शोधत राहिले. तो सापडला नाही की निदान मागे पडायचे. मोठ्या माणसाचा शब्द एकदा पाठ्यपुस्तकात गेला की तो खोडायला किती वेळ लागतो, याचे वैद्यकाच्या इतिहासातले हे एक ठळक उदाहरण आहे. मधल्या काळात जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका येथे छोट्या साथी आल्या आणि गेल्या, पण त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९२९च्या उन्हाळ्यानंतर ते दुर्लक्ष संपले. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात आजारी पोपटांची एक खेप विकली गेली आणि घरोघरी ताप सुरू झाला. ब्यूनस आयर्समध्ये एका नाटक मंडळीच्या खेळात जिवंत पोपट होता. त्या मंडळीतले कलावंत आजारी पडले आणि काही दगावलेही. तिथे पोपटांच्या विक्रीवर निर्बंध येताच व्यापाऱ्यांनी माल परदेशी बंदरांकडे वळवला. नाताळ जवळ आला होता, आणि पोपट ही युरोप-अमेरिकेत नाताळची आवडती भेट होती. हॅम्बुर्ग, लंडन, न्यूयॉर्क, बॉल्टिमोर अशा ठिकाणी पक्षी पोहोचले. १९२९-३०च्या त्या हिवाळ्यात सुमारे बारा देशांत साडेसातशे ते आठशे माणसे आजारी पडली. एकट्या अमेरिकेत १६९ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले.

अमेरिकेत रोग ओळखला गेला तो मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिस या गावात. एका घरी नाताळसाठी बॉल्टिमोरहून पोपट आणला होता. नाताळ येईतो पोपट मेला आणि जानेवारीच्या सुरुवातीला घरातली तीन माणसे तापाने अंथरुणाला खिळली. विषमज्वर म्हणावा तर न्यूमोनिया, न्यूमोनिया म्हणावा तर विषमज्वर, अशा पेचात त्यांचे डॉक्टर होते. त्यांच्या पत्नीने ब्यूनस आयर्समधल्या पोपटांच्या आजाराविषयी वर्तमानपत्रात वाचले होते आणि तिने तो धागा जोडून दिला, असे त्या काळच्या वृत्तान्तांत आहे. डॉक्टरांनी वॉशिंग्टनला तार केली. तिथल्या सरकारी हायजिनिक लॅबोरेटरीचे संचालक जॉर्ज मकॉय यांनी हे काम चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्याकडे सोपवले. आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन यांनी तळघरातल्या दोन खोल्यांत आजारी पोपटांचे पिंजरे मांडून काम सुरू केले.

वर्तमानपत्रांनी या रोगाला डोक्यावर घेतले. रोज नवे मथळे येत होते. घाबरलेल्या लोकांनी पोपट रस्त्यावर सोडले, त्यांच्या माना मुरगळल्या. अमेरिकी आरमाराने खलाशांना जहाजावरचे पोपट काढून टाकायला सांगितले. उलट बाजूने हा सगळा बागुलबुवा आहे, अशी टिंगलही चालू होती. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी २४ जानेवारी १९३० रोजी पोपटांच्या आयातीवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. त्या वर्षी ब्रिटननेही पोपटांची आयात बंद केली, आणि जर्मनीने १९३४ मध्ये या एका रोगासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यामुळे जर्मनीत बजरीगार जोपासणाऱ्यांना पुढे कित्येक दशके प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालावे लागत होते, म्हणजे रोगी पक्षी कुठून आला ते शोधता येई.

तळघरातल्या खोल्यांत तोवर शोकांतिका घडत होती. अँडरसन आजारी पडले आणि ८ फेब्रुवारीला वारले. दोनच दिवसांनी बॉल्टिमोरच्या आरोग्य खात्याचे जिवाणुशास्त्रज्ञ विल्यम रॉयल स्टोक्स यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. तेही पोपटांच्या नमुन्यांवर काम करत होते. आर्मस्ट्राँग स्वतः अत्यवस्थ झाले; बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला रस टोचल्यावर ते वाचले, असे सांगितले जाते. इमारतीतली एकूण ११ माणसे आजारी पडली, आणि त्यांतल्या काहींनी पक्ष्यांच्या खोलीत पाऊलही टाकलेले नव्हते. शेवटी मार्चच्या मध्यास मकॉय एकटे तळघरात उतरले, त्यांनी सगळे प्रयोगाचे पक्षी-प्राणी स्वतः मारले, खोल्या जंतुनाशकाने धुतल्या आणि इमारतीत विषारी वायूचा धूर दिला. रोग हवेतून पसरतो याचा याहून कठोर पुरावा मिळणे शक्य नव्हते. हायजिनिक लॅबोरेटरीच्या कामाकडे देशाचे लक्ष वेधले गेले होते, आणि त्याच वर्षी २६ मे रोजी झालेल्या कायद्याने तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ झाले. आजची जगातली सर्वांत मोठी वैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. आर्मस्ट्राँग पुन्हा कामाला लागले आणि पुढे मेंदूज्वराच्या विषाणूंवर त्यांनी मोलाचे संशोधन केले.

रोगाचे खरे कारण १९३० मध्ये तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी दिसले. बर्लिनमध्ये वॉल्टर लेव्हिन्थाल, इंग्लंडमध्ये अल्फ्रेड कोल्स आणि वॉशिंग्टनमध्ये राल्फ लिली यांना आजारी पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक ठिपके आढळले. लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन यांनी सिद्ध केले की हे कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जाते. पुढे त्यांनी जे. ओ. डब्ल्यू. ब्लँड यांच्याबरोबर त्याचे जीवनचक्र उलगडले. बारीक, टणक कण पेशीत शिरतो, आत जाऊन मोठा होतो, विभागतो, पुन्हा बारीक कणांत बदलतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. बाहेरचा टणक कण वाळलेल्या विष्ठेत बराच काळ टिकतो. पिंजऱ्याच्या धुळीत धोका का असतो ते यातून स्पष्ट झाले. गाळणीतून जातो आणि जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून त्याला दीर्घकाळ विषाणू समजत असत. तो पेशीभित्तिका असलेला, दोन्ही न्यूक्लिइक आम्ले बाळगणारा आणि प्रतिजैविकांना दाद देणारा जिवाणूच आहे, हे १९६०च्या दशकात सर्वमान्य झाले.

आयात थांबली तरी रोग थांबला नाही, आणि इथून कार्ल मायर यांचे काम सुरू होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या हूपर फाउंडेशनमधले हे स्विस वंशाचे पशुवैद्य. १९३१च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली या गावात काही स्त्रिया एका घरी जमल्या होत्या, आणि त्यांतल्या काही जणी नंतर न्यूमोनियाने वारल्या. त्या घरात एक पोपट होता. परदेशी पोपटांवर बंदी असताना हा कुठून आला, याचा शोध घेतल्यावर कळले की दक्षिण कॅलिफोर्नियात घरोघरच्या परसात बजरीगार पैदाशीचे खुराडे उभे राहिले आहेत. मंदीचे दिवस होते, हाताला काम नव्हते, आणि बजरीगार कमी खर्चात झपाट्याने वाढतात. फिरते विक्रेते ‘लव्हबर्ड’ म्हणून ते दारोदार विकत. (आपल्याकडच्या बाजारातही बजरीगार याच नावाने खपतो, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले वेगळे पक्षी.) मायर आणि त्यांच्या सहकारी बर्नीस एडी यांनी या खुराड्यांतले हजारो पक्षी तपासले. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यांची प्लीहा फुगलेली निघे आणि तिच्यात रोग सापडे. प्रत्येक खुराड्यातले काही पक्षी मारून तपासायचे आणि निर्दोष ठरलेल्या खुराड्यालाच विक्रीचा दाखला द्यायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. पक्षी निरोगी दिसतो म्हणजे तो निरोगी असतो, ही समजूत मायर यांनी कायमची मोडली.

ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पोपटांतही मायर यांना लागण आढळली. बातमी मेलबर्नला फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यापर्यंत गेली. ऑस्ट्रेलियात असा रोगच नाही अशी तोवर समजूत होती. बर्नेट यांनी रानातले पोपट पकडून तपासले आणि १९३५ मध्ये दाखवून दिले की तिथल्या जंगली पोपटांत हा रोग सर्रास आहे, पण त्यांना त्याचा त्रास क्वचित होतो. पकडलेले पिल्लू गर्दीच्या अस्वच्छ पिंजऱ्यात गेले की रोग पेटतो. बर्नेट यांच्या विचारांची दिशाच या कामाने बदलली. साथ म्हणजे केवळ जंतूचा हल्ला नसून जंतू, प्राणी आणि परिस्थिती यांच्या बिघडलेल्या समतोलाचा परिणाम असतो, ही त्यांची मांडणी १९४०च्या त्यांच्या पुस्तकात दिसते. पुढे १९६० मध्ये त्यांना प्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. पण रोगांच्या पर्यावरणाचा आज जो अभ्यास होतो त्याची एक मुळी या पोपटांत आहे.

याच दशकात उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर वेगळीच घटना घडत होती. तिथले लोक फुल्मर या समुद्रपक्ष्याची पिल्ले पकडून, पिसे काढून, मिठात मुरवून हिवाळ्याची बेगमी करत. १९३०च्या दशकात दीडशेहून अधिक माणसांना न्यूमोनिया झाला आणि सुमारे पाचांपैकी एक दगावला. पकडायला पुरुष जात, पण पिसे उपटण्याचे काम बायकांचे होते, म्हणून आजारी पडल्या त्या मुख्यतः बायका. गरोदर स्त्रियांतले मृत्यूंचे प्रमाण तर फारच भयंकर होते. अर्जेंटिनाहून युरोपकडे येणाऱ्या जहाजांवरून मेलेले पोपट समुद्रात फेकले गेले आणि ते खाऊन फुल्मरना लागण झाली, असा एक अंदाज पुढे मांडला गेला. तो सिद्ध झालेला नाही. गरोदर स्त्रियांना पक्ष्यांच्या खुराड्यांपासून दूर ठेवावे, ही वैद्यकाची सूचना मात्र त्या बेटांवरच्या मृत्यूंशी थेट जोडलेली आहे.

औषध १९४८ मध्ये आले. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन, म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिन, मिळवले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. प्रतिजैविकांपूर्वी रुग्णांपैकी पंधरा ते वीस टक्के दगावत असत. वेळेवर उपचार मिळाल्यास आता शेकड्याला एकही दगावत नाही. टेट्रासायक्लिन गटातले डॉक्सिसायक्लिन हे आजचे मुख्य औषध आहे. मायर यांनी १९५०च्या दशकात एक पाऊल पुढे टाकले : राळ्यासारख्या दाण्यांत औषध मुरवून तेच पक्ष्यांना खाऊ घालायचे. पक्ष्यावरचा उपचार दीर्घ असतो, परंपरेने ४५ दिवसांचा, कारण जिवाणू पेशीच्या आत दडून बसतो. औषध आले तसे निर्बंध सैल झाले, आणि त्याच दशकात अमेरिकेत बजरीगारांची लाट आली. लाखो घरांत पक्षी गेले. रुग्णसंख्याही पुन्हा वाढली.

पोपटताप हा एकटाच नाही. व्यापाराने आणलेला दुसरा मोठा रोग म्हणजे न्यूकॅसल रोग, आपल्या कुक्कुटपालकांच्या बोलण्यातला राणीखेत किंवा मानमोडी. १९२६ मध्ये तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे ओळखला गेला, आणि लगेच कुमाऊंतल्या राणीखेत येथे. माणसाला त्याने फार तर डोळे येतात. कोंबड्यांना मात्र तो झपाट्याने मारतो. १९७१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आयात केलेल्या पाळीव पक्ष्यांबरोबर त्याचा जालीम प्रकार आला. रोग आवरेपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले आणि ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने पक्ष्यांची आयात थांबवली, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रत्येक खेपेला ३० दिवस विलगीकरणात ठेवणे सक्तीचे केले. माणसांच्या मृत्यूंनी जे साधले नव्हते ते कोंबड्यांच्या नुकसानीने साधले, ही गोष्ट खेदाची आहे.

बर्ड फ्लूबाबत तेच घडले. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ विषाणूची १८ माणसांना लागण झाली, ६ मृत्युमुखी पडली. मूळ होते जिवंत कोंबड्यांच्या बाजारात. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर थायलंडहून हातातल्या सामानात लपवून आणलेले दोन गरुड पकडले गेले आणि दोघांतही हा विषाणू निघाला. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या एसेक्सच्या विलगीकरण केंद्रात आयात केलेले पिंजऱ्यातले पक्षी त्याच विषाणूने मेले. युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि जुलै २००७पासून कायमची बंद केली. जगभरातल्या पोपटांच्या थव्यांना या एका निर्णयाने जेवढा दिलासा मिळाला तेवढा संवर्धनाच्या अनेक ठरावांनी मिळाला नव्हता. महाराष्ट्राला बर्ड फ्लू भेटला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, पण तो पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचा. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा त्यात हात नव्हता.

भारतातला पक्षीव्यापार जुना आहे. राघू आणि मैना घराघरात होत्या, आणि इथून परदेशात पक्षी पाठवण्याचा धंदाही दीर्घकाळ चालला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९०-९१ मध्ये आलेल्या पूर्ण बंदीने देशी रानपक्ष्यांची खरेदी-विक्री आणि पाळणे बेकायदा झाले. आपला हिरवा राघू पाळणे त्यामुळे गुन्हा आहे. तरी विणीच्या हंगामात झाडांच्या ढोल्यांतून पिल्ले काढली जातात आणि डझनावारी एका खोक्यात कोंबून शहरांत आणली जातात. हा माल चोरीचा असल्याने त्याची तपासणी कोणी करत नाही. बजरीगार, कॉकटिएल, फिंच हे परदेशी जातीचे पक्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत मिळतात. साध्या तपासणीत क्लॅमिडिया वाढत नाही. पीसीआर किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी मुद्दाम करावी लागते. म्हणून न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी पक्षी आहे का, हे विचारले गेले नाही तर निदान होतच नाही.

कबुतरांची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबई-पुण्यातल्या गच्च्यांवरच्या ढाबळीत पोपटतापाचा जिवाणू असू शकतो. पण कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशीही वाढते, हे १९५५ मध्ये दाखवले गेले, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला ती मेंदूज्वर देऊ शकते. शिवाय वर्षानुवर्षे पिसांची व विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने फुफ्फुसे हळूहळू निबर होतात. हा आजार संसर्गाचा नव्हे, अ‍ॅलर्जीचा. १९६०च्या दशकात तो पक्षी पाळणाऱ्यांत ओळखला गेला. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात हे दोन्ही मुद्दे बऱ्याचदा एकत्र कालवले गेले. त्यांचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो : बुरशीचा धोका मुख्यतः आजारी माणसांना, धुळीचा धोका रोज सहवासात असणाऱ्या प्रत्येकाला.

उलट दिशेची वाटही आहे. पोपटाला माणसाचा क्षय होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. क्षयरोगी मालकाच्या तोंडातला घास खाणाऱ्या पोपटांच्या चेहऱ्यावर गाठी उठत.

गेल्या काही वर्षांत पोपटतापाची ओळख थोडी रुंदावली आहे. स्वीडनमध्ये २०१३ साली एका रुग्णाकडून इतरांना लागण झाल्याची नोंद झाली. माणसाकडून माणसाकडे हा रोग क्वचितच जातो. ऑस्ट्रेलियात घोड्याच्या पिल्लांच्या गर्भवेष्टनाशी संपर्क आलेल्यांना तो झाला. २०२३च्या अखेरीस आणि २०२४च्या सुरुवातीला डेन्मार्क, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि नेदरलँड्स येथे रुग्ण वाढले. फेब्रुवारी २०२४च्या अखेरपर्यंत डेन्मार्कमध्ये २३ रुग्ण आणि चार मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पिंजरा नव्हता. हिवाळ्यात बागेत रानपक्ष्यांसाठी दाणे टांगलेले होते. अशा ठिकाणी दाण्याची भांडी अशी ठेवावीत की विष्ठा त्यांत पडणार नाही, ती ओली करून धुवावीत आणि झाडताना तोंडावर मास्क असावा, असे तिथल्या आरोग्य खात्यांनी कळवले. पिंजऱ्यासाठीचे नियमही तेच आहेत : कोरडा झाडू नको, आधी पाणी शिंपडून ओले करावे, नवा पक्षी आधी वेगळ्या खोलीत किमान महिनाभर ठेवावा, आणि पक्षी फुगून बसला, हिरवट विष्ठा टाकू लागला, डोळे चिकटले तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे. घरातल्या कुणाला त्या सुमारास ताप आला तर डॉक्टरांना पक्ष्याविषयी सांगावे.